काळ्या तेलाचा धनी

मोटारीत इंधनाखेरीज आणखी चार-पाच द्रव्ये असतात आणि ती ठरावीक मुदतीने बदलावी लागतात: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचे तेल. गॅरेजमध्ये ती बदलून मिळतात. थोडी हत्यारे आणि थोडा धीर असेल तर घरच्या अंगणातही बदलता येतात. घरी बदलणाऱ्यापुढे दोन प्रश्न येतात. पहिला कसबाचा आहे आणि त्याचे उत्तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असते. दुसरा धर्माचा आहे आणि तो त्या पुस्तकात नसतो. गाडीतून निघालेले काळे तेल कोणाचे? ते ज्या मातीत मुरेल, ज्या पाण्यात उतरेल, तिथल्या नासाडीच्या पापाचा धनी कोण? ते ओतणारा, पैसे देऊन ओतवून घेणारा, की ओतताना पाहूनही गप्प बसणारा? भारतीय धर्मविचारात या प्रश्नाची उत्तरे आहेत आणि ती बरीच नेमकी आहेत. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे एकीकडे ज्योतिर्लिंग आहे, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्र आहे आणि पाणी तर दुष्काळी सालात मोजूनच वापरावे लागते. अशा गावात ही उत्तरे रोजच्या व्यवहाराला येऊन भिडतात.

आधी काम समजून घेतले पाहिजे, कारण धर्माचा प्रश्न कामाच्या तपशिलातच दडलेला आहे. लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल बसते, डिझेल गाडीत चार-पाच लिटर. बहुतेक कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ते बदलायला सांगतात. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन पाच-सात मिनिटे चालवतात, कारण कोमट तेल पातळ होते आणि आपल्याबरोबर गाळही घेऊन उतरते. मग इंजिन बंद करून हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि पुढची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चेंबरखाली पसरट भांडे सरकवून नट रिंग पान्याने सैल करायचा आणि शेवटचे आटे हाताने फिरवायचे. नट सुटताच धार आधी जोरात आणि तिरपी येते, म्हणून भांडे थोडे पुढे सरकवून ठेवावे लागते. चार-पाच मिनिटांत धार बारीक होते, मग थेंब पडू लागतात. जुना फिल्टर काढायचा, नव्याच्या रबरी कडेला बोटाने ताजे तेल लावून तो हाताच्या जोरानेच बसवायचा, नटाला नवा वायसर घालून तो आवळायचा आणि वरून नवे तेल भरायचे. इंजिन मिनिटभर चालवून, थोडे थांबून डिपस्टिक पुसून पाहायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असले की गाडीच्या बाजूचे काम संपते.

भांड्यात मात्र साडेतीन लिटर काळे तेल उरलेले असते. आत गेले तेव्हा ते मधासारख्या रंगाचे होते. इंजिनात फिरताना त्याने काजळी, न जळलेले इंधन, पाण्याचा अंश, आम्ले आणि झिजलेल्या धातूची पूड असे सगळे पोटात घेतले. इंजिन स्वच्छ राहावे म्हणून ते स्वतः मळले. या काळ्या तेलात ज्वलनातून आलेली जी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे असतात, त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. म्हणून उघड्या हातांनी त्यात काम करू नये, हातमोजे घालावेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे एका गाडीतून एका वेळी निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते. ते पाण्यावर पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि त्याखालच्या जीवांचा श्वास कोंडतो.

कूलंटचा धोका वेगळ्या जातीचा आहे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. रेडिएटर रिकामा करताना अंगणात सांडलेले कूलंट कुत्रे चाटते, खळग्यात साचलेले वासरू पिते, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी दाबाने तोंडावर येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. जमिनीवर राहिलेल्या गोड डबक्याची आठवण फार थोड्यांना राहते.

ब्रेक ऑइल नावाने तेल असले तरी नेहमीच्या प्रकारांत ते ग्लायकॉल ईथरपासून बनलेले असते आणि हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरडे द्रव्य किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या द्रव्यासाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले की अशा द्रव्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी पेडल रिकामे खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. हे काम एकट्याचे नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करून हवा निघेपर्यंत द्रव्य सोडायचे आणि पेडल सुटण्याआधी तो बंद करायचा. मध्येच क्रम चुकला तर हवा आत राहते. बाहेरून काही दिसत नाही, पण गाडी नको तिथे दगा देते.

यातला धर्मविचाराचा पहिला प्रश्न कर्त्याचा. गॅरेजला गाडी दिली की काळ्या तेलाचा संबंध संपला, असे बहुतेक गाडीमालक मानतात. शास्त्रे तसे मानत नाहीत. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि जिला संमती दिली ती. जैन आचारात करणे, करविणे आणि अनुमोदणे ही तीन अंगे प्रत्येक व्रताला जोडलेली आहेत. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मांसाच्या संदर्भात संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सगळ्यांना एकाच दोषाचे वाटेकरी ठरवतो. या न्यायाने गॅरेजच्या मागच्या नाल्यात ओतलेल्या तेलात गाडीमालकाचा वाटा आहेच. बिल चुकते केल्याने तो फिटत नाही, कारण बिल कष्टाचे आणि मालाचे होते. तेल कुठे गेले हे न विचारणे हीसुद्धा एक संमतीच आहे.

मग घरी तेल बदलणाऱ्याने काय साधले? करविलेले कर्म त्याने स्वतःचे केले. तेल किती, कसे, कोणत्या रंगाचे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि न कळण्याची सबब त्याच्यापुरती संपली. नैतिक दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण तेवढ्याच मापाने त्याची जबाबदारी वाढते. गॅरेजमध्ये निदान काळ्या तेलाचे एक पिंप असते आणि ते भरले की विकत नेणारा कोणी येतो. घरी पिंप नसते. घरच्या मोरीत किंवा कुंपणाच्या कडेला तेल ओतून मोकळा होणारा माणूस गॅरेजमध्ये जाणाऱ्यापेक्षा जास्त दोषी आहे. त्याने हातांनी केले आणि जाणून केले.

इथे एक पळवाट नेहमी पुढे येते आणि ती थेट गीतेच्या नावाने येते. कर्म करावे, फळाची आस सोडावी, पुढचे ईश्वरावर सोपवावे, असा तो युक्तिवाद असतो. फलत्यागाचा हा अर्थ गीतेला मान्य नाही. फळाचा त्याग म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या लाभाच्या आसक्तीचा त्याग. दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीकडे पाठ फिरवायला गीता परवानगी देत नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भाग पाडताना तामस कर्माची खूण स्पष्ट दिली आहे: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींचा विचार न करता मोहापोटी आरंभलेले कर्म. गाडीखाली शिरण्यापूर्वी हाताशी ठेवावी अशी ही कसोटी आहे, आणि तिच्यातला एकही शब्द इथे वाया जात नाही.

अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारी परिणामांची साखळी. नट सोडण्याआधी तेल कशात धरायचे, कशात भरायचे आणि कुठे न्यायचे हे ठरलेले असले तर अनुबंध पाहिला असे म्हणता येते. क्षय म्हणजे नाश, नासाडी: वाया गेलेला माल, बाद झालेली जमीन. हिंसा म्हणजे प्रत्यक्ष जीवाला होणारी इजा, कूलंट चाटणाऱ्या कुत्र्यापासून ओढ्यातल्या बेडकापर्यंत. चौथा शब्द, पौरुष, सहसा दुर्लक्षित राहतो. त्याचा अर्थ आपली स्वतःची कुवत. इंजिन ऑइल बदलणे शिकाऊ माणसाच्या कुवतीत बसते. ब्रेकचे काम प्रत्येकाच्या कुवतीत बसत नाही, आणि ते बिघडले तर भोगावे लागते मागच्या सीटवरच्या मुलांना किंवा रस्त्याने चाललेल्या परक्या माणसाला. हौसेपोटी किंवा चार पैसे वाचावेत म्हणून, नीट शिकून न घेता ब्रेक उघडणे गीतेच्या मोजमापाने तामस कर्मच ठरते. स्वतः करण्याचा अभिमान या कसोटीवर टिकला नाही तर त्याला स्वावलंबनाचे नाव देता येत नाही.

याला जोडूनच रोजीचा प्रश्न येतो. तेल बदलून चार पैसे मिळवणाऱ्या मिस्त्रीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या पोटावर घरी काम करणारा पाय देतो का? परळीच्या परिसरात वीरशैव परंपरा खोलवर रुजलेली आहे. त्या परंपरेतले संत मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान कपिलधार बीड जिल्ह्यातच आहे. त्या परंपरेतला कायक आणि दासोह यांचा विचार या प्रश्नाला उपयोगी पडतो. बाराव्या शतकात कल्याणच्या बसवेश्वरांनी आणि त्यांच्या भोवतीच्या शरणांनी मांडले की कष्टाचे प्रत्येक प्रामाणिक काम ही पूजा आहे, आणि त्या कामातून आलेले आपल्यापुरते ठेवून बाकीचे समाजाला द्यायचे आहे. सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणाऱ्या आयदक्की मारय्याची कथा प्रसिद्ध आहे. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने जास्तीचे परत टाकून यायला लावले. स्वतः केलेल्या कामात हाव शिरली की ते कायक राहत नाही, इतका तिचा निवाडा कडक होता. त्या निवाड्याने पाहिले तर स्वतःच्या गाडीची स्वतः निगा राखणे निर्दोष आहे. घासाघीस करून मिस्त्रीला नाडणे आणि अवघड काम मात्र त्याच्याच गळ्यात मारणे निर्दोष नाही. जे काम आपल्या कुवतीबाहेरचे आहे त्याचे दाम पूर्ण द्यावे.

मळलेल्या हातांचा प्रश्न याहून जुना आहे आणि महाराष्ट्रात तो टाळता येत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा घाण माखलेली वस्तू टाकू नये असा नियम आहे. नियम चांगला आहे, आजही जसाच्या तसा लागू पडतो. पण पाण्यात काय पडू नये याची चिंता वाहणाऱ्या त्याच समाजव्यवस्थेने पाण्याला कोणी शिवू नये याचेही नियम केले, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारचेच नियम जास्त कसोशीने पाळले गेले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. शुद्धीचा विचार वस्तूवरून सरकून माणसावर गेला की त्याचे काय होते, याचा हा पुरावा आहे. घाण काढणारा अशुद्ध आणि घाण करणारा शुद्ध अशी उलटी मांडणी शतकानुशतके चालली. काळे तेल, गटार, मेलेले जनावर ही कामे ठरावीक लोकांच्या माथी मारली गेली, आणि ज्यांच्या घरातून घाण निघाली त्यांना तिच्याकडे पाहावेही लागले नाही.

संतांनी ही मांडणी मोडायचा प्रयत्न केला. परळीहून जवळच असलेल्या गंगाखेडची जनाबाई दळणकांडण आणि झाडलोट करत विठ्ठलाला भेटली. गाडगे महाराज गावात शिरले की आधी हातात खराटा घेत आणि कीर्तन रात्री करत. स्वतःच्या गाडीचे काळे तेल स्वतःच्या हातांनी धरणारा सुशिक्षित माणूस नकळत याच वाटेवर एक पाऊल टाकतो. ते पाऊल लहान आहे, तरी खरे आहे. आपल्या सोयीतून निघालेली घाण आपल्या हाताला लागू देणे हा समतेचा साधा, रोज करता येण्याजोगा अभ्यास आहे. अर्थात भांडे भरून झाल्यावर ते कोपऱ्यात ठेवून सफाई कामगाराची वाट पाहिली, तर तो अभ्यास अर्धवट राहतो.

आता परळीच्या देवाकडे यावे. वैद्यनाथाचे मंदिर उंचावर आहे, दगडी पायऱ्या चढून जावे लागते. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. बारा ज्योतिर्लिंगांतले वैद्यनाथ परळीचे की झारखंडातल्या देवघरचे, हा वाद जुना आहे आणि त्यात शिरायचे इथे कारण नाही. परळीचे माहात्म्य समुद्रमंथनाशी जोडलेले आहे. मंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने शिवलिंगात दडवले. दानव ते बळकावायला धावले तेव्हा लिंगातून ज्वाळा निघाल्या, आणि भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृतधारा आल्या, असे तिथे सांगतात. लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची परळीची परंपरा या कथेवर उभी आहे.

त्याच मंथनातून अमृताच्या आधी हलाहल निघाले होते. अमृतासाठी रांग लागली, हलाहलाला वाली नव्हता. शिवाने ते घेतले आणि कंठात धरले. कथेचा हा भाग मुलांनाही तोंडपाठ असतो, पण त्यातली एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. देवांनी आणि दानवांनी मिळून घुसळले, मग विष समुद्रातच राहू द्यावे किंवा पृथ्वीवर सांडू द्यावे, असा पर्याय कथाकाराने ठेवलेला नाही. कोणीतरी ते धरलेच पाहिजे, हे त्याने गृहीत धरले आहे. घुसळण ज्यांनी केली त्यांनी ते धरायला हवे होते. ते मागे सरले म्हणून महादेवाला पुढे यावे लागले. काळे तेल नाल्यात सोडणारा माणूस देवदानवांच्या जागी उभा असतो. त्याला गाडीचे चालणे हवे असते, हलाहल नको असते, आणि ते धरायला कोणी नीलकंठ येणार नसतो. ते गावच्या विहिरी आणि बोअर पितात.

शैव मंदिरांच्या रचनेत हीच दृष्टी दगडात उतरलेली आहे. शाळुंकेवर ओतलेले पाणी, दूध, पंचामृत शाळुंकेच्या पन्हळीतून एका दिशेला वाहते आणि गाभाऱ्याच्या भिंतीतून बाहेर पडते. प्रदक्षिणा घालणारा ही वाट ओलांडत नाही. तो तिथवर जातो, मागे फिरतो आणि उलट बाजूने पुन्हा तिच्याच दुसऱ्या काठाशी येऊन थांबतो. हीच सोमसूत्री प्रदक्षिणा. देवाला वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य होते तेव्हा त्यालाही नियम आहेत, ते पायदळी येऊ द्यायचे नसते. म्हणजे देवाकडे जे जाते त्याचा जेवढा विचार झाला आहे, तेवढाच देवाकडून जे निघते त्याचाही झाला आहे. वापरून झालेल्या द्रव्याची वाट आखलेली हवी आणि ती कोणी तुडवू नये, हा संस्कार मराठी माणसाच्या पायांत मुरलेला आहे. देवळाबाहेर आल्यावर तो का विसरला जातो, याचे समाधानकारक उत्तर धर्मात सापडत नाही. ते आळसात सापडते.

श्रमण परंपरांनी हा नियम आणखी उघडपणे सांगितला. जैन साधूच्या पाच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती पूर्णपणे टाकण्याच्या क्रियेची आहे. काहीही टाकायचे तर जमीन आधी नीट पाहावी, जीवजंतू नसतील अशीच जागा निवडावी. बौद्ध भिक्षूंच्या विनयात हिरव्या गवतावर आणि पाण्यात मलमूत्र किंवा थुंकी टाकायला मनाई आहे. ज्यांच्याजवळ टाकण्यासारखे जवळपास काहीच नव्हते, त्यांनी टाकण्यासाठी वेगळा नियम केला. वर्षाला साडेतीन लिटर विषारी तेल टाकणाऱ्या गृहस्थाला असा एकही नियम नसावा, हे विपरीत आहे.

उरलेल्या वस्तूचे काय होते हे परळीला पुस्तकातून शिकावे लागत नाही. वीज केंद्र 1970 च्या दशकापासून तिथे कोळसा जाळते. वीज तारांवरून दूरच्या शहरांत जाते, राख परळीत राहते. तिचे तलाव होतात, वाऱ्याने ती उडते, घरांच्या आणि पिकांच्या अंगावर बसते. तीच राख नीट गोळा केली की सिमेंटमध्ये आणि विटांत कामाला येते. पाण्याचा धडाही तितकाच उघडा आहे. 2013 आणि 2015 मध्ये दुष्काळामुळे पाणी न उरल्याने हे वीज केंद्र बंद ठेवावे लागले, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या भागाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. भेगेत शिरलेले तेल गाळले जाईल इतकी माती वाटेत नसते, आणि एकदा खालचे पाणी बिघडले की ते उपसून स्वच्छ करण्याची सोय कोणाकडे नसते. अशा जमिनीवर नालीत तेल ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरमध्ये हात घालणे आहे.

खेड्यांत काळे तेल वाया जात नाही, असेही सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, स्लॅबच्या फळ्यांना लावतात, ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या आसांत घालतात. एकेकाळी बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे जुवाने घासलेले खांदे हळद आणि लोण्याने मळण्याचा खांदेमळणीचा विधी मराठवाड्यात अजूनही होतो. जो आपल्यासाठी झिजतो त्याच्या झिजलेल्या जागी स्निग्ध पदार्थ लावणे ही इथली धर्मबुद्धी आहे. पण लोणी आणि जळके ऑइल एक नव्हे. काळे तेल जनावराच्या जखमेवर लावणे, चुलीत किंवा भट्टीत जाळणे, गोठ्याच्या दारांना फासणे या जुन्या सवयी त्यातल्या विषाची माहिती नव्हती तेव्हाच्या आहेत. माहिती झाल्यावर त्या चालू ठेवल्या तर मोहाची सबब उरत नाही.

तेलाचा योग्य शेवट कोणता, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. वापरलेले तेल गाळून, पाणी आणि गाळ काढून, पुन्हा शुद्ध करता येते आणि त्यापासून नवे वंगण बनते. 2016 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत घेऊन शुद्ध करवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने करायचे ते इतकेच: निघालेले तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरावे, झाकण घट्ट लावावे, त्यावर ‘जळके ऑइल’ असे लिहावे, आणि जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळल्यावर पिशवीत बांधावा. कूलंट आणि ब्रेक ऑइल या तेलात कधीही मिसळू नये. मिसळले की ते शुद्ध करणे अवघड होते आणि सगळाच माल नाकारला जातो. त्यांचे डबे वेगळे ठेवावेत, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत यांपैकी काहीही भरू नये.

हे डबे जातात कुठे, यावर सगळे अडते. माणसाला वाट दिसली नाही की तो नालीची वाट धरतो. त्यासाठी एक नेमका दिवस मराठी पंचांगात आधीच आहे. खंडेनवमीला हत्यारे, यंत्रे आणि गाड्या धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा वाहतात. परळीत आणि गावोगावी त्या दिवशी गॅरेजेही सजतात, पाने आणि जॅक पाटावर मांडले जातात. गाडीचे बाहेरचे अंग पुजले जाते, आतून निघालेल्या द्रव्याचे नाव निघत नाही. यंदाच्या खंडेनवमीला गॅरेजवाल्यांनी पूजेच्या पाटाशेजारी झाकणाचे एक रिकामे पिंप ठेवावे, गावातल्या लोकांनी घरी साठलेले काळे तेल त्यात आणून घालू द्यावे आणि ते नोंदणीकृत खरेदीदारालाच द्यावे. घरी तेल बदलणाऱ्यांनी आपले डबे घेऊन तिथे जावे. साडेतीन लिटरचा डबा स्कूटरवर पायांशी सहज मावतो.